शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं

नर्सिंगच्या ॲडमिशनचं पत्र मंगळवारी आलं आणि बुधवारी नवऱ्याच्या ऑफिसात 'ॲट रिस्क'ची पत्रं वाटली गेली. नोकरी गेली नव्हती, पण जाऊ शकते असं लेखी कळवलं होतं. २००३ चा मे महिना होता. आम्हाला लीड्सला येऊन पाच वर्षं झाली होती आणि घरासाठी मॉर्गेज घेऊन जेमतेम चार महिने.

मी तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट होते. पुण्यात बी.कॉम. करून बँकेत बसलेली मी इथे पेशंटना आंघोळ घालायचे, भरवायचे, ब्लड प्रेशर घेऊन चार्टवर लिहायचे. सासरी आम्ही 'हॉस्पिटलात आहे' एवढंच सांगितलं होतं. पण काम मला आवडायला लागलं होतं. वॉर्डच्या सिस्टरने मागे लागून मला युनिव्हर्सिटीच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या संध्याकाळच्या ॲक्सेस कोर्सला घातलं आणि तो संपताच अर्जही भरून घेतला.

नर्सिंगची डिग्री आणि डिप्लोमा, दोन्ही तीन-तीन वर्षांचे. फी दोन्हीची सरकार भरणार होतं. डिग्रीला दरमहा मिळणारी बर्सरी, इथलं विद्यावेतन, घरातल्या कमाईवर ठरायची, म्हणजे नवऱ्याचा पगार पाहता मला फारसं काही मिळालं नसतं. डिप्लोमाला नवऱ्याची कमाई कोणी बघत नव्हतं. पुढे दोन्हींनंतर नोकरी तीच, सुरुवातीचा पगारही तोच. म्हणून मी डिप्लोमा निवडला. तरी ती बर्सरी माझ्या पगाराच्या निम्म्याहून थोडीच जास्त होती, आणि होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता.

बुधवारी नवऱ्याने कोटही न काढता त्याला मिळालेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"एक वर्ष थांब," तो म्हणाला. "माझं काय ते ठरू दे."

"पुढच्या वर्षी परत इंटरव्ह्यू द्यावा लागला तर? मी पस्तिशीला आलेय."

"आणि दोघांचेही पगार थांबले तर? हप्ता कोण भरणार?"

मी कागदावर आकडे मांडले. शिफ्ट सोडल्या तर किती जातील, बर्सरी किती येईल, प्लेसमेंटच्या, म्हणजे वॉर्डवर शिकायच्या दिवसांत मुलीला आफ्टरस्कूल क्लबला ठेवायचं तर किती. त्याची नोकरी टिकली तर ओढाताण होऊन निभलं असतं. गेली तर चार महिने. पाचव्या महिन्याचं उत्तर कागदावर येत नव्हतं. त्याने कागद बघितला, परत सरकवला आणि जेवायला बसला.

गुरुवारी मला सुट्टी होती. मुलीला शाळेतून आणताना ती सहज म्हणाली, "आई, बाबा तुझ्या युनिला फोन केली."

ती सात वर्षांची, इथेच वाढलेली. तिच्या मराठीची मला सवय होती, तरी मी पुन्हा विचारलं, "कोणी फोन केला?"

"बाबा. मॉर्निंगला, तू शॉवरमध्ये होती. तो सांगितला, माय वाइफ नेक्स्ट इयर येणार."

उरलेला रस्ता मी तिला जवळजवळ ओढतच आणलं. घरात शिरल्या शिरल्या युनिव्हर्सिटीला फोन लावला. पलीकडच्या बाईने फाइल काढेपर्यंत मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. ती म्हणाली, एका गृहस्थांचा फोन आला होता खरा, पण आम्ही अर्जदाराशिवाय कुणाशी बोलत नाही. तुमची जागा तशीच आहे. तुम्ही येताय का?

"उद्या सांगते," मी म्हणाले. का म्हणाले, अजून कळत नाही. होकार ओठांवर होता. पण त्याच्या पाठीमागे दिला असता तर मीही त्याच्यासारखंच वागले असते.

तो सहाला आला. मुलीला वर पाठवलं.

"तू फोन केलास?"

"फक्त चौकशी केली. पुढे ढकलता येतं का बघितलं."

"मला न विचारता?"

"तू ऐकतेस का?" त्याचा आवाज चढला. "तू अभ्यासाला, मी घरी. शाळेच्या गेटवर सगळ्या आयांमध्ये मी उभा राहू? पुण्यात काय सांगू, बायको शिकतेय आणि मी बसलोय?"

दोन दिवस आम्ही हप्त्याबद्दल भांडत होतो, आणि त्याला भीती वेगळीच होती. मला राग आला होता, आणि दयाही येत होती. दोन्ही एकदम सांभाळता येईनात.

"मी दोन वर्षं लोकांचे बेडपॅन उचलतेय," मी म्हणाले. "तेही आपण पुण्यात सांगितलं नाही. तेव्हा माझं काय झालं असेल?"

त्याने कालचा आकड्यांचा कागद पुढे ओढला. म्हणाला, "बर्सरी नक्की येते ना? माझं काहीही झालं तरी?"

"येते. महिन्याच्या महिन्याला."

"मग उद्या हो म्हण."

शुक्रवारी सकाळी नऊला मी फोन केला. तो शेजारी उभा होता, ऑफिसला उशीर करून.

ऑक्टोबरात त्याची नोकरी गेली. सात महिने तो घरी होता. नोकरी जाताना त्याला मिळालेली भरपाईची रक्कम हप्त्यांत विरघळत गेली, आणि खात्यात ठरल्या दिवशी येणारी एकच गोष्ट होती, माझी बर्सरी. शाळेच्या गेटवर तो रोज जायचा. सुरुवातीला पाच मिनिटं उशिरा, गर्दी पांगल्यावर. नंतर दूर मिल्टन कीन्सला कमी पगाराची नोकरी मिळाली आणि आठवड्याचे पाच दिवस तो तिकडे राहू लागला.

२००६ साली मी पास झाले, आणि आम्ही कागदावर कधीच न धरलेली गोष्ट झाली. हॉस्पिटलांकडे पैसे नव्हते, भरती बंद. डिप्लोमा हातात असून पाच महिने मी जुन्याच वॉर्डवर असिस्टंट म्हणून शिफ्ट केल्या. औषधांच्या ट्रॉलीला हात लावायची परवानगी नव्हती. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या वॉर्डवर जागा निघाली.

बुडालेला पगार भरून निघायला मला चार वर्षं लागली. सासूबाईंना मात्र नवऱ्याने त्या वॉर्डवरच्या माझ्या पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं, "ती नर्स झाली." त्या म्हणाल्या, "म्हणजे? आधी कोण होती?" मग त्याने त्यांना सगळं सांगितलं, अगदी बेडपॅनपासून.