वाचून दाखवले, बरोबर आहे

“हात लावू नकोस. मान खाली कर.”

चावडीच्या पायरीखाली मी गुडघे टेकून बसलो होतो. माझ्या डोक्यावर आधी तरटाचा तुकडा टाकला, मग दोघांनी वरून दप्तर ठेवलं. लाल कापडात बांधलेले गावाचे सगळे कागद. त्याला माझा स्पर्श होऊ नये म्हणून ते तरट. डोकं चालतं, हात चालत नाही. तोल गेला तरी हात वर न्यायचा नाही, असं तलाठ्यानं दोनदा बजावलं. बघायला माणसं जमली होती. माझ्याबरोबर शाळेत असलेला पाटलाचा मुलगाही त्यांत होता.

“सातवी झालास म्हणे?” तलाठी म्हणाला. “डोक्यावरचं वाचायचं नसतं. एवढं ध्यानात ठेव.”

सगळे हसले. मीही थोडा हसलो. एकोणीस वर्षांचा घोडा मी, गुडघ्यांवर बसून हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

अस्पृश्यता कायद्यानं गेली होती. आमच्या चावडीपर्यंत ती बातमी यायची होती.

आमचं गाव आकुर्डीच्या जवळ, पवनेच्या अंगाला. तालुक्याची कचेरी सहा कोसांवर. वर्षातून तीन-चार वेळा गावचं दप्तर तपासणीला जायचं. तलाठी चिंचवडहून आगगाडीनं जायचा. दप्तर मात्र महारानं पायी न्यायचं, अशी रीत. तीस वर्षं ते माझ्या बापानं वाहिलं. या खेपेला त्याला हिवताप होता, म्हणून मी गेलो.

बापाला त्या ओझ्याचा अभिमान होता. हे लिहिताना लाज वाटते, पण होता. “सरकार डोक्यावर हाय आपल्या,” असं तो आईला सांगायचा. दप्तर पोचवलं की कचेरीत पोच म्हणून त्याचा अंगठा घेत. ती शाई तो दोन दिवस धुवायचा नाही. भाकरी मोडतानासुद्धा अंगठा वर धरायचा. आत काय लिहिलंय, हे तीस वर्षांत त्यानं कुणाला विचारलं नाही. दप्तर उतरलं, की अंगठा पुढे. सवयच लागली होती.

या खेपेच्या महिनाभर आधी तलाठ्यानं त्याला चावडीच्या पायरीखाली बोलावून अंगठा घेतला होता. तेव्हा दप्तर कुठंच गेलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना बाप म्हणाला, “मागल्या खेपेची पोच ऱ्हायली व्हती म्हनं.” मी ऐकलं. सातवी शिकलेला मी, त्याच्या समोर बसून जेवत होतो. मागल्या खेपेची पोच आता कशाला, हा एवढा प्रश्न मला सुचला नाही. याची माफी मी स्वतःला अजून दिलेली नाही.

त्याच सुमारास सरकार कारखान्यासाठी जमिनी घेत होतं. आमच्या हाडोळ्यातही खुंट्या ठोकल्या होत्या. हाडोळा म्हणजे गावकीची कामं करण्याबद्दल आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली जमीन. अकरा घरांचा मिळून तो एकच तुकडा. त्याच्यावर आमची ज्वारी व्हायची. दुसरं काही नव्हतं. आम्हाला वाटायचं, घ्यायच्या आधी कुणीतरी येईल, विचारेल. नोटीस चावडीच्या आत लावली होती, आणि चावडीत आम्हाला पाय ठेवता येत नव्हता.

कासारवाडीच्या पुढं माझी मान अवघडली. पावलागणिक हाडोळ्यातली ती खुंटी डोक्यात ठोकली जात होती. गावाचे सगळे कागद माझ्या डोक्यावर आहेत, म्हणजे आमचेही असणार. मी एका बाभळीखाली गुडघे टेकले. हात वर नेले आणि दप्तर धरलं. काही झालं नाही. कापड होतं नुसतं, उन्हानं तापलेलं. मी ते जमिनीवर ठेवलं आणि गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली.

सातबारे निघाले. एकेका पानावर कब्जेदारांची नावं होती. स्वतःचं, बापाचं, आडनाव. पाटलाच्या तर तिन्ही पिढ्या होत्या. मग आमचा हाडोळा आला. त्या रकान्यात दोनच शब्द होते: समस्त महार. अकरा घरं, लहानमोठी त्रेपन्न माणसं, आणि त्यांच्यातल्या एकालाही नाव नव्हतं.

त्याच्याखाली एक नवा कागद होता. जबाब. मी तो तीनदा वाचला. ‘आम्ही समस्त महार लिहून देतो की सदर जमीन पडीक आहे. आमची वहिवाट नाही. सरकारने ती घेण्यास आमची हरकत नाही. वाचून दाखवले, बरोबर आहे.’ आणि खाली, निशाणी डावा अंगठा. शेजारी माझ्या बापाचं नाव, वडिलांच्या नावासकट, झोकदार अक्षरात.

अख्ख्या दप्तरात माझ्या बापाचं नाव एकदाच होतं, ते इथं. मी तिथं रस्त्याच्या कडेला मोठ्यानं रडलो. एक बैलगाडी गेली, गाडीवाल्यानं वळून पाहिलं आणि बैल हाकले.

कागद फाडावा असं फार वाटलं. फाडला असता तर चोर ठरलो असतो, आणि त्यांनी दुसरा लिहिला असता. बापाचा अंगठा कुठं जातोय? मी दप्तर पुन्हा बांधलं. तरट तिथंच बाभळीवर टाकलं. जबाब तेवढा वर ठेवला आणि दप्तर दोन्ही हातांनी छातीशी धरून उरलेली वाट चाललो. डोक्यावर परत घेतलं नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात तलाठी उभा होता. माझे हात बघून त्याचा चेहरा उतरला. “बाटवलंस!” म्हणून तो ओरडला आणि टेबलावरचा रूळ उचलून त्यानं माझ्या मनगटावर मारला. दोनदा. दप्तर मी सोडलं नाही. आत जाऊन अव्वल कारकुनाच्या टेबलावर ठेवलं.

“हा जबाब माझ्या बापाला कुणी वाचून दाखवलेला नाही,” मी म्हणालो. “जमीन पडीक नाही. आमी कसतो. आमची हरकत लिहून घ्या.”

कारकून शांत माणूस होता. त्यानं चष्मा पुसला, सातबारा काढला, त्या रकान्यावर बोट ठेवलं. “हरकत घ्यायला कब्जेदार लागतो. तुझं नाव दाखव यात.”

“समस्त लिहिलंय. त्यात मी आहे.”

“समस्त म्हणजे कोण? समस्त म्हणजे कुणी नाही.”

“मग जबाब कुणाचा घेतला?”

मला वाटलं आता काहीतरी होईल. कारकुनानं मला एक कागद दिला, मी त्यावर हरकत लिहिली, खाली सही केली. त्यानं ती वाचलीसुद्धा नाही. कोपऱ्यात तांबड्या शाईनं ‘दप्तरी दाखल’ एवढं लिहिलं. म्हणजे बांधून ठेवा, पुढं काही करू नका. माझा कागद त्याच लाल कापडात गेला, जबाबाच्या खाली. शिपायानं वरून पाणी शिंपडलं. शाई फुटेल म्हणून कारकून त्याच्यावर खेकसला.

घरी आलो तेव्हा बाप घोंगडीत बसला होता. मी त्याला जबाब सांगितला, शब्दन्‌शब्द. त्यानं अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाला, “मला वाटलं पोच हाय.”

“तुमी इचारायचं न्हाई व्हय?” आई म्हणाली.

“सरकारला काय इचारायचं?”

तो उठला आणि दारातल्या दगडावर अंगठा घासायला लागला. ताप होता अंगात. चामडी निघाली, रक्त आलं, तरी घासत होता. मी आणि आईनं मिळून त्याचा हात ओढला. रात्रभर तो एकच बोलत होता, “म्या लिवून दिली. अकरा घरांची जमीन म्या लिवून दिली.” त्यानंतर तो अकरा घरांतल्या कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. कुणी त्याला बोल लावला नव्हता. तरी तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

मी अर्ज करत राहिलो. एकाचंही उत्तर आलं नाही. दप्तर न्यायला आमच्यातलं कुणी गेलं नाही, तेव्हा तलाठ्यानं ते आगगाडीनं नेलं. इतकी वर्षं ते आगगाडीत बसू शकत होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

ज्वारी पोटरीला आली आणि तलाठी आमच्या वस्तीवर आला. पहिल्यांदाच. बरोबर दोन शिपाई, शाईची डबी, आणि एक लिहून आणलेला कागद. कडुलिंबाखाली त्यानं बाज मागितली. कुणी दिली नाही. मग तो उभ्यानंच बापाकडे वळला.

“ये रे. पोच द्यायचीय. अंगठा आण.”

बापानं हात काखेत घातला. लहान मूल थंडीत घालतं तसा. “न्हाई,” तो म्हणाला. तीस वर्षांत हा शब्द त्यानं तलाठ्यासमोर उच्चारला नव्हता.

मी पुढे झालो. “वाचा भाऊसाहेब. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या.”

“तुला काय करायचंय?”

“खाली लिहिलं असेल ना, वाचून दाखवले म्हणून? मग वाचा.”

अकरा घरं बाहेर आली होती. शिपाई एकमेकांकडे बघायला लागले. तलाठ्यानं वाचलं. आवाज बसला होता त्याचा. ‘आम्ही समस्त महार राजीखुशीने जमिनीचा ताबा सरकारास देत आहोत...’

“थांबा,” मी म्हणालो. “राजीखुशी खोडा. समस्त खोडा. त्रेपन्न नावं सांगतो, ती लिहा. आणि पुढं लिहा, ताबा द्यायला आमची हरकत आहे. मग सगळे सह्या करू.”

त्यानं डबीचं झाकण लावलं. “पोलीस आणून घेईन ताबा.”

“घ्या.”

तो गेला. पोलीस घेऊन परत येईल. आमची ज्वारी तुडवली जाईल, तारेचं कुंपण पडेल, मी ओळखून आहे. जमीन वाचेल असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. त्रेपन्न नावं मी वहीत लिहून काढली आहेत, आणि प्रत्येकाकडून सही गिरवून घेतो आहे. बाप अजून गिरवत नाही. पाटी पुढे केली की तोंड फिरवतो. मी रोज पुढे करतो.

जमीन नेतील. पण आम्ही दिली, असं लिहिलेला दुसरा कागद त्यांना या वस्तीतून मिळणार नाही. त्यांना लिहावं लागेल, हिसकावून घेतली.