नदीपलीकडच्या तीन वस्त्या

"नाव कुणाचं ते नको सांगूस. कारभार कुणाचा ते सांग." नकाशावर लाल पेनाचं टोक टेकवून काका असं म्हणाले की मीटिंगची वीस मिनिटं गेलीच म्हणून समजा.

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या आमच्या ऑफिसात माइन्त्स आणि वीसबाडेन या जर्मनीतल्या दोन शेजारी शहरांसाठी सॉफ्टवेअर चाललं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे कुठली नर्स कधी जाणार, हे ते ठरवणार होतं. मी टीम लीड, काका टेस्टिंगला. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून ऑफिसातले आम्ही मराठी लोक त्यांना काकाच म्हणायचो. कुठली वस्ती कुठल्या शहराखाली येते, ती यादी तपासून सही करायची, एवढंच त्यांचं काम. मला वाटलं, दोन दिवसांत उरकेल.

काकांनी यादी छापून भिंतीला लावली. दुपारी एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात पेन. गॉन्झनहाइम, मोम्बाख, बीब्रिख ही नावं ते नात्यातल्या माणसांसारखी घ्यायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. काम इतकं चोख की शेजारी बसणाऱ्याचं डोकं फिरावं.

घोडं अडलं ते तीन वस्त्यांवर. आमोनेबुर्ग, कास्टेल, कोस्टहाइम. तिन्हींच्या नावाआधी माइन्त्स लागतं, पण त्या ऱ्हाइन नदीच्या पलीकडे. महायुद्धानंतर त्यांचा कारभार वीसबाडेनकडे गेला, नाव तेवढं जुनंच राहिलं. क्लायंटने पाठवलेल्या यादीत त्या माइन्त्सखाली होत्या. दुरुस्ती करायची तर दोन आठवडे उशीर.

"काका, सोडा ना आता. पत्त्यातच माइन्त्स लिहिलंय."

"अरे, मी दापोडीचा. पत्त्यावर जन्मभर पुणे लिहिलं. नळाच्या अर्जासाठी आई पुण्याच्या ऑफिसात दिवसभर रांगेत उभी राहिली. संध्याकाळी कळलं, आपण नदीपलीकडचे, पिंपरी-चिंचवडचे. नळाचं ठीक आहे रे. इथे इन्सुलिन आहे."

काकांचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं आणि त्यांचा व्हिसा त्या नोकरीवरच होता. डेडलाइन पाळली तर कॉन्ट्रॅक्ट वाढेल, नाहीतर नाही, असं मॅनेजरबाईंनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं. मी अक्षरशः हात जोडले.

"अहो, साइन ऑफ करून टाका. नेक्स्ट रिलीजमध्ये फिक्स करू."

"आणि तोवर कोस्टहाइमच्या म्हातारीकडे कोण जाणार? माइन्त्सची नर्स म्हणणार आमची हद्द नाही, वीसबाडेनच्या यादीत ती नाहीच. तू जाशील ट्रेन पकडून?"

मी इतका वैतागलो की दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. सहीचा अधिकार मलाही होता. मी सही केली नाही, आणि त्यात माझं शौर्य काही नव्हतं. काका समोर बसलेले असायचे, एवढंच.

उशीर झाला. कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी कोस्टहाइमपुढे बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं. "आता बघ, काहीच होणार नाही," ते म्हणाले.  मी निदान थँक यू तरी म्हणायला हवं होतं. आजही मला राग येतो, मॅनेजरबाईंचा, काकांच्या हट्टाचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

सोमवारी सॉफ्टवेअर सुरू झालं. खरंच काही झालं नाही. एकही तक्रार आली नाही, त्यामुळे काकांनी काय वाचवलं ते ऑफिसात कुणाला कळलंही नाही. साडेआठच्या सुमारास कोस्टहाइमची पहिली भेट स्क्रीनवर हिरवी झाली. नर्स पोचली होती.

"काका, बघा!" म्हणत मी मागे वळलो. त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी आपला ओला कोट वाळत टाकला होता.