कट्ट्यावरचा पेला

दोन मार्चला, संध्याकाळी साडेसहा वाजता, मला हुडहुडी भरून ताप आला. पुढे तीन आठवडे तो रोज संध्याकाळी येत राहिला.

गडमुडशिंगीहून म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर येणाऱ्या ज्या गवळ्याकडे मी रोज सकाळी उभ्याने धारोष्ण दूध पीत असे, त्याचे नाव मी कधी विचारले नाही. समोर धार काढून तो पेला हाती देई आणि दरडावे, "फेस बसायच्या आत प्या की, आण्णा. च्या हाय व्हय फुंकायला?"

रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, की गाभ टाकलेल्या जनावराच्या कच्च्या दुधातून गेलेले जंतू प्लीहेत आणि हाडांत दडून राहतात. म्हणून ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. दुसऱ्या सकाळी मी हे गवळ्याला सांगितले. म्हशीच्या पाठीवरचा त्याचा हात थांबला.

"ही संक्रातीला गाभडलीती, दिस भरायच्या आधीच रेडकू पडलं," तो म्हणाला. "दूध चांगलं दिसलं म्हणून काढत ऱ्हायलो. तुमास्नी मीच पाजलं."

त्याने भरलेली किटली गटारात रिकामी केली, ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना "आज न्हाय" म्हटले आणि म्हशी हाकल्या. तो पुन्हा कट्ट्यावर आला नाही. औषधाने मी बरा झालो. मला दरडावणारे आता कोणी उरलेले नाही.

त्याने किटली ओतली त्या सकाळी घरी येऊन मी पिशवीतले दूध पातेल्यात ओतले आणि उकळले.