मिठाईच्या डब्यातली मेणाची वडी

बाबांचा फुप्फुसातला कॅन्सर मेंदूत पोचल्याचं कळलं, तोवर डाव्या हाताने त्यांना शर्टाची बटणं लागेनाशी झाली होती. जन्मात विडीला न शिवलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, "न ओढणाऱ्यांच्या गाठीत कधी कधी जनुकांतला एक ठरावीक बदल सापडतो. सापडला तर रोज एक गोळी, ती मेंदूतही काम करते. नाही तर केमो आणि डोक्याला रेडिएशन."

तपासणीसाठी बायॉप्सीचा तुकडा मुंबईला पाठवायचा होता. मेणाच्या वडीत बसवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. पुन्हा सुई घालण्याच्या अवस्थेत बाबा नव्हते.

मी कुरियर म्हटलं. बाबांनी ऐकलं नाही. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधून महाराष्ट्रात जाणारी वस्तू माणसाबरोबरच जायची. कुणी निघालं की आदल्या दिवशी त्याच्या घरी डबे जमायचे, आणि निवृत्तीनंतर जवळच अवधपुरीत घर केलं तरी ती सवय सुटलेली नव्हती. शेजारचे काका मुंबईला लेकीकडे निघालेच होते. बाबांनी वडी कापसात गुंडाळून मिठाईच्या रिकाम्या डब्यात ठेवली. दोरी मात्र मला बांधावी लागली.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून काकांचा फोन आला.

"बेटा, यात तर लाडू आहेत."

"कसले लाडू?"

"डिंकाचे. काउंटरवरची बाई घेत नाहीये."

सगळ्यांचे डबे आनंद नगरच्या एकाच मिठाईवाल्याचे. मागच्या गल्लीतल्या काकूंची बहीण बाळंतिणीचे लाडू घ्यायला कल्याण स्टेशनवर आली होती. गाडी सुटायच्या घाईत काकांनी तिला आमचा डबा दिला होता.

तिचा फोन लागेना. मे महिना, मेणाची वडी, आणि डब्यात लाडूऐवजी कापूस पाहून कुणीही तो केरात टाकला असता. बाबा बाहेरच्या खोलीतून विचारत होते, "पोचलं का?" मी "पोचतंय" म्हणत भाजी चिरत राहिले. काय चिरलं ते आठवत नाही.

दुपारी तिने उचलला. "अगं, हे काय पाठवलंयत? साबण आहे का?"

"टाकलं नाहीत ना?"

"टाकीन कशी? भोपाळहून आलेलं मी काही टाकत नाही. फ्रीजमध्ये आहे."

सगळं सांगितल्यावर तिने लॅबचा पत्ता लिहून घेतला. मग उन्हातान्हात स्वतः लॅबला गेली. वडी शाबूत होती.

त्यानंतर रिपोर्टची वाट. मेंदूवरची सूज स्टेरॉइडच्या गोळ्यांनी धरून ठेवलेली, रेडिएशन लांबवलेलं. फोन वाजला की मी आधी बाबांचा हात बघायची.

बदल सापडला. डॉक्टरांनी लगेच बजावलं, "गोळी लागू पडेल, पण कायमची नाही. किती काळ, ते सांगता येत नाही." मी गोळीची वेळ विचारून घेतली आणि निघाले.

काकांनी डब्याची गोष्ट बाबांना सांगितलीच. बाबा भडकले, "आयुष्यभर इन्स्पेक्शनमध्ये माझ्या हाताखाली होतास, आणि तपासल्याशिवाय माल सोडलास?"

"लेबल तू लावलं नव्हतंस," काका म्हणाले.

काही महिन्यांनी काका पुन्हा मुंबईला निघाले. बाबांनी कल्याणच्या त्या बाईसाठी मला डिंकाचे लाडू करायला लावले. डब्याच्या चारी बाजूंना तिचं नाव लिहिलं. मी दोरी घेऊन पुढे झाले, तर म्हणाले, "राहू दे."

डाव्या हाताने दोरी दाबून धरून त्यांनी गाठ मारली. जराशी ढिली होती. मी ती पुन्हा बांधली नाही.