आडवी झालेली ठकुबाई

अंजूरची ठकुबाई बारा वर्षं भिवंडीच्या लूम कारखान्यात सुताच्या कांड्या भरत होती. ड्युटीआधी स्वयंपाक, ड्युटीनंतर पाणी, धुणं, परत चूल. दिवसाउजेडी तिला कुणी बसलेली पाहिली नव्हती.

चौऱ्याऐंशी साली शहरात संचारबंदी लागली, कारखाना बंद पडला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा तिचा नवरा पंढरीही घरीच अडकला. एका दुपारी ठकुबाई मधल्या घरात चटईवर आडवी झाली ती गाढ झोपली. उठून बघते तर पंढरीने उरल्यासुरल्या रंगांनी तिलाच पत्र्यावर उतरवलेली. सुटलेला अंबाडा, उशाला हात, भेगाळलेले तळपाय, मागे विझलेली चूल.

"जरा बरी तरी काढायची," ती लाजून म्हणाली.

"बरीच हाईस की!" म्हणत त्याने तो पत्रा भिंतीवर टांगला.

पाच वर्षांनी पंढरी काविळीने गेला. पत्रा भिंतीवरच राहिला.

चौऱ्याण्णव साली मुलाचं, रामूचं लग्न ठरत होतं. खारबावहून मुलीकडचे घर बघायला येणार म्हणून थोरला दीर रघू सकाळीच हजर झाला. भिंतीकडे बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पहिलं त्ये उतरव. भर दुपारी लोळणारी सासू बघून पोरगी कोण देईल?"

"ऱ्हाऊ द्या, भावोजी."

त्याने पत्र्याला हात घातला. ठकुबाई आडवी आली. "हात काढा. ह्या घरात माझ्या कामाला कुणी कधी बघितला न्हाय. ज्यानं बघितला त्यानं ह्ये काढलंय."

रघू चपला घालून निघून गेला.

पाहुणे आले. मुलीचा बाप विठू चित्राकडे बोट दाखवून म्हणाला, "ही कोण?"

"मीच. झोपलेली."

"आन् घरातला काम?"

"झालेला. नसता झाला तरी झोपले असते. तुमची पोर आली तर तीपन झोपंल."

विठू चहा अर्धा टाकून उठला. ते स्थळ मोडलं. रामू आठ दिवस आईशी बोलला नाही. ठकुबाईने त्याच्यापुढे ताट वाढलं, समजूत मात्र काढली नाही.

पुढच्या वर्षी कशेळीची चंद्रा रामूची बायको होऊन आली. पहिल्याच महिन्यात तिला ताप भरला. ती तशीच हंडा उचलायला निघाली, तशी ठकुबाईने तिचा दंड धरून तिला आत नेऊन निजवलं. ओटीवर शेजारची काशी बसली होती.

"सुनेला लय डोक्यावर बसवतेस, ठकू."

"बसवते," ठकुबाई म्हणाली आणि हंडा कमरेवर घेऊन नळाकडे चालू लागली.