टाळूतून दिसलेलं

सणसरच्या दत्तोबांची रेश्मा लहानपणापासून वडिलांची, आबांची, लाडकी. आबांनी सांगितलं की ते खरंच असणार, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. कन्हेरीच्या दीपकचं स्थळ आलं तेव्हासुद्धा ती एवढंच म्हणाली होती, "आबा, तुमी बघितलंय ना? मग झालं."

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. बारामतीच्या दवाखान्यात मुलगा झाला. इवलासा जीव, कातडीखालच्या शिरासुद्धा दिसत होत्या. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. रेश्मा भिंतीला धरून धरून पेटीपाशी जायची आणि त्याची छाती हलते का ते बघत उभी राहायची.

एका सकाळी डॉक्टर वल्लरी सोनोग्राफीचं यंत्र ढकलत आल्या. त्यांनी बाळाच्या टाळूवर जेल लावलं आणि यंत्राचा छोटा दांडा अलगद टेकवला.

"डोक्याची सोनोग्राफी?" रेश्मा घाबरली.

"टाळूचं हाड अजून जुळलेलं नसतं ना, तिथून आतला मेंदू दिसतो. दुखत नाही त्याला. लवकर जन्मलेल्या बाळांची करावीच लागते."

पडद्यावर राखाडी ढग सरकत होते. मधे दोन काळ्या फटी. डॉक्टर त्याच जागी पुन्हा पुन्हा थांबत होत्या. रेश्मा विचारणार तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि नर्सनं तिला खाटेवर नेऊन निजवलं.

दुपारी दीपक आणि आबा आत आले.

"काय म्हणल्या मॅडम?"

"समदं झ्याक हाय," दीपक म्हणाला. "तू दुधाचं बघ."

रेश्मानं आबांकडं पाहिलं. आबांनी मान हलवली. "व्हय गं पोरी. काय काळजी न्हाय." मग तिनं कुणालाच काही विचारलं नाही.

बाळ वजनाला लागलं, घरी आलं. सुयोग नाव ठेवलं. रेश्मा कन्हेरीला परतली तेव्हा घरात नणंदेच्या, सोनलच्या, लग्नाची गडबड होती. सुयोगची टोपडी मात्र भराभर तोकडी पडत होती. टाळूवर तेल घालताना मऊ खळगा लागायचा तिथं आता टरारलेलं लागायचं. सासूबाई, कौसल्याबाई, म्हणाल्या, "डोस्कं मोठं म्हंजी हुशार निघंल बघ." दीपक म्हणाला, "सोनलचं लगीन उरकू दे, मग दावू."

एक दिवस सुयोगची बुबुळं खाली ओढल्यासारखी झाली. वरचं पांढरं दिसू लागलं, दूध ओकून पडू लागलं. दीपक पत्रिका वाटायला गेला होता. रेश्मानं बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि मिळेल त्या एसटीनं बारामती गाठली.

डॉक्टर वल्लरींनी बाळाला बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. टाळूवर पुन्हा दांडा टेकवला. पहिल्या वेळच्या दोन फटींच्या जागी आता काळी तळी दिसत होती.

"मेंदूत पाणी साठलंय. अहो, इतके दिवस होतात कुठं? आत रक्तस्राव झालाय, सोनोग्राफी परत परत करत राहायला लागेल, असं मी सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तुमच्या मिस्टरांना. वडिलांनाही. तुम्हाला मीच सांगणार होते, तर ते म्हणाले, ती अशक्त आहे, आम्ही सांगतो." मग त्या म्हणाल्या, "मी ऐकायला नको होतं त्यांचं."

रेश्माला आबांची ती हललेली मान आठवली. पुढचं तिला ऐकूच येईना.

त्याच दिवशी सुयोगला पुण्याला नेलं. डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारी नळी बसवली. बाहेर बाकावर दीपक खाली मान घालून बसला होता.

"पाव्हण्यांच्या कानावर गेलं असतं तर घराण्यातच खोट म्हून सोनलचं मोडलं असतं," तो पुटपुटला. "वाटलं, हुईल आपोआप कमी."

दीपकबरोबर आलेली सोनल तिथंच उभी होती. "माझ्या नावावर झाकलंस व्हय दादा? मला इचारलं होतंस का?" म्हणून ती रडायला लागली.

आबा रेश्मासमोर आले. "तुजं दूध आटंल म्हून गप बसलो गं. जावईबी म्हणलं, नगा सांगू."

"ह्यांनी झाकलं ते मला कळतंय, आबा," रेश्मा म्हणाली. "ह्यांच्या बोलण्यावर माजा इश्वास नव्हताच तितका. तुमी मान हलवलीत, म्हून मी डोळं मिटून बसले."



नळीनं जीव वाचला, पण झालेलं नुकसान भरून आलं नाही. सुयोग दोन वर्षांचा होऊनही आधाराशिवाय बसत नाही, डावी मूठ उघडत नाही. सोनलचं लग्न मात्र ठरल्या घरीच झालं. तिनं स्वतःच लग्नाआधी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं, आणि कुणी काही बोललं नाही. ते ऐकलं त्या दिवशी रेश्मा जेवली नाही.

ती कन्हेरीलाच राहते. घरचं सगळं करते. सुयोगला व्यायामाला बारामतीला ती एकटीच नेते. डॉक्टरांच्या खोलीत दीपक मागोमाग आत येऊ लागला, तर म्हणते, "तुमी भायेरच थांबा."

आबा महिन्या-दोन महिन्यांनी येतात, नातवाला मांडीवर घेतात. ती चहा देते. "सणसरला चल की चार दिस," ते म्हणतात. ती नाही म्हणत नाही, आणि जातही नाही.