जोडीनं तपासलेले कॉम्प्युटर

आमच्या घरची थोरली सून म्हणजे कॉम्प्युटरांची डॉक्टरीण. शेकडो कॉम्प्युटर मिळून एकच मोठं गणित सोडवतात, त्यातला आजारी हुडकायचं तिचं काम. धाकटी जाऊ त्याच ऑफिसात लागली, साहेब उठताबसता तिचं कौतुक करू लागले, आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

एकदा गणित सारखं अडत होतं. थोरलीनं एकेक कॉम्प्युटर बाजूला काढून तपासला, सगळे ठणठणीत.

धाकटी म्हणाली, "ताई, दोघादोघांना जोडून बघू या?"

"बघ बाई, तुझा हात सोन्याचा."

एक जोडी लगेच अडखळली. मधली केबल सैल होती. थोरलीनं झटकन पुढे होऊन ती घट्ट बसवली.

"कुणी शोधलं?" साहेबांनी विचारलं.

थोरलीनं एरंडेल प्यायल्यागत तोंड केलं. "हिनं. पण बसवली मी."